पेन्सिल न लागलेली टिपणी

६ ऑक्टोबर

प्रिय खारूताई,

हे नाव वाचून तू नाक मुरडणार. पण गेल्या आठ महिन्यांत पाच पत्रं पाठवली, पाचही वेळा शहाण्यासारखं तुझं खरं नाव लिहिलं, आणि एकाचंही उत्तर आलं नाही. फोन तू उचलत नाहीस. म्हटलं, आता हक्काच्या नावाने हाक मारून बघावी. रागावून का होईना, ओ तरी देशील.

पत्र नेहमीसारखं औषधांच्या गाडीतून येईल. तुमच्या संस्थेच्या इथल्या ऑफिसातली बाई आता मला ओळखते. मी काचेपाशी दिसलो की न विचारता ट्रे पुढे सरकवते. "उत्तर आलं का हो?" एवढंच विचारते. मी "येईल" म्हणतो. मागच्या वेळी तिने विचारलंच नाही, त्याचं जास्त वाईट वाटलं.

घर ठीक आहे. तुझ्या खोलीची खिडकी मी दर रविवारी उघडतो आणि संध्याकाळी लावतो. बोलायला कोणी नसतं म्हणून हल्ली रेडिओला उत्तरं देतो. बातम्या देणारा काही चुकीचं बोलला की त्याला समजावून सांगतो. तो ऐकून घेत नाही, अगदी तुझ्यासारखा.

आता मुद्द्याचं. चौकशी समिती बसली आहे, हे तुझ्या कानावर आलं असेलच. सीमेपलीकडून पळून आलेल्या चारशे बारा माणसांना आम्ही फेब्रुवारीत पुलावरून परत पाठवलं. बदल्यात तिकडच्या तुरुंगात दोन वर्षं खितपत पडलेले आपले एकतीस मच्छीमार सुटले. परत गेलेल्यांपैकी एकोणीस पुरुषांचा आजपर्यंत पत्ता नाही. आता ते वर्तमानपत्रांत आलं, म्हणून समिती. तिचा प्रश्न एकच आहे: परत पाठवलेल्यांचं काय होतं, हे निर्णयाच्या वेळी मंत्र्यांना माहीत होतं का? मंत्र्यांनी कानांवर हात ठेवले आहेत. मला कोणी सांगितलंच नाही, म्हणतात.

तू तर सांगितलं होतंस. बस निघायच्या आधी तुझं ते लांबलचक पत्र आलं होतं. त्याआधी परत गेलेल्या एका लहान तुकडीतल्या पुरुषांना पुलाजवळच्या गोदामात नेलं आणि त्यातला एकही तुमच्या तिकडच्या दवाखान्यात परत दिसला नाही, असं तू लिहिलं होतंस. शेवटी म्हटलं होतंस, "दादा, हे मंत्र्यांच्या डोळ्यांसमोर ठेव. बाकी काही मागत नाही." आणि बस गेल्यावर तुझं जे शेवटचं पत्र आलं त्यात दोनच वाक्यं होती. "तुझ्या जिन्याखालचा शिंपी दुसऱ्या बसमधून उतरला. त्याला गोदामाकडे नेलं."

तुझं पत्र मी दाबलं असं तुला वाटतं. तसं नाही झालं. मंत्र्यांकडे जाणारी टिपणी एका पानाची असते. बाकी सगळं मागे परिशिष्टात जोडायचं. मंत्री पहिलं पान वाचतात आणि खाली सही करतात. परिशिष्ट उलटलेलं मी बावीस वर्षांत एकदाच पाहिलं, तेही चष्मा शोधताना. म्हणून तुझा मजकूर मी मसुद्यात पहिल्याच पानावर घेतला होता. मसुदा सचिवांकडे गेला. त्यांना आम्ही पेन्सिलसाहेब म्हणतो, ते तुला ठाऊक आहे. आमच्याकडे वरचा माणूस मसुद्यावर शाईने लिहीत नाही, कारण शाई म्हणजे पुरावा. तो पेन्सिलने कंस करतो, फुली मारतो. खालच्याने तसा बदल करून नवी प्रत काढायची, जुनी फाडून टाकायची आणि आपल्या सहीने वर पाठवायची. सूचना साहेबांची, फाडणारे हात आमचे. तुझ्या मजकुराभोवती असाच कंस होऊन आला. मग तो परिशिष्ट सातमध्ये गेला.

मी विरोध करायला हवा होता, हे कबूल. पण तो कंस माझा नव्हता, एवढं तुला कळावं म्हणून हे लिहिलं.

शिंप्याची बायको इथेच आहे. बस निघाल्या त्या दिवशी तिचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून ती यादीतून राहिली. आता मशीन तीच चालवते. मी जिना उतरलो की मान वर करून बघते. मी म्हणतो, "चौकशी चालू आहे."

तुझा,
दादा

२९ ऑक्टोबर

खारूताई, माझ्या बये,

उत्तर आलं! काचेमागची बाई ते हातात धरून हलवत होती. मी तिथेच बाकावर बसून वाचलं. मग पुन्हा वाचलं. चार ओळी वाचायला किती वेळ लावावा माणसाने.

"म्हणजे तू नव्हतास. आठ महिने मी तुला मनातल्या मनात काय काय बोलले, ते तुला कळणार नाही आणि कळूही नये. एकवीस नोव्हेंबरला रिकामी गाडी इकडून निघेल, तिच्यातून येते. महिनाभर राहीन, खोली झाडून ठेव."

झाडली. पुसलीसुद्धा. कपाटामागे तुझा शाळेतला कंपास सापडला, आत वाळलेली कसली तरी बी. तरीच तुला खारूताई म्हणायचो. नवी उशी आणली. दुकानदाराने विचारलं, "पाहुणे येणार वाटतं?" मी म्हणालो, "पाहुणे कसले, घरचं माणूस येतंय." मग उगाचच त्याला तुझी सगळी माहिती सांगितली. तू नर्स आहेस, पलीकडे आहेस, तुझ्या हाताला यश आहे. तो उशा मोजत बसला होता बिचारा, त्याला काय करायचंय.

आईच्या मागे एरवी या घरात दोन माणसांचा आवाज नसतो. तुला ते माहीत नसेल, कारण तू दर वेळी आवाज घेऊनच येतेस.

कक्षातल्या टायपिस्टबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्ही हसताय." जणू मी काही गुन्हा केला.

येताना जाड स्वेटर आण. आणि माझ्यावर फार उपकार केल्यासारखं तोंड करून येऊ नकोस.

दादा

११ नोव्हेंबर

प्रिय खारूताई,

काल पेन्सिलसाहेब माझ्या टेबलाशी आले. बावीस वर्षांत ते कधी खालच्या मजल्यावर उतरले नव्हते. समोरच्या खुर्चीवरच्या फायली त्यांनी स्वतः उचलून खाली ठेवल्या आणि बसले. जानेवारीत ते निवृत्त होणार.

म्हणाले, "तुझी साक्ष अठरा तारखेला आहे ना?"

"हो सर."

"मंत्री म्हणतात, कार्यालयाने लपवलं. मी म्हणतो, परिशिष्ट जोडलेलं होतं. आता तू काय म्हणशील त्यावर सगळं आहे." थोडा वेळ ते माझ्या टाचणीच्या डबीशी खेळत होते. मग म्हणाले, "पेन्सिलचा विषय निघेल. इतकी वर्षं मी ती चालवली, सगळ्यांना माहीत आहे. तू म्हणालास की त्या टिपणीवरही चालवली, तर मला नाही म्हणता येणार नाही. म्हटलं तरी कोण विश्वास ठेवणार?"

मी समोरची फाईल मिटली.

"कसं लिहायचं ते तुला मी शिकवलं," असं म्हणून ते उठले. फायली होत्या तशा परत खुर्चीवर रचल्या, कडा जुळवून. ते कधी कोणावर ओरडले नाहीत, हे तुला सांगायला हवं.

आज दुसरंच आठवतंय. मच्छीमार सुटून आले त्या दिवशी मी बंदरावर होतो. एक म्हातारी आपल्या मुलाला ओळखेचना, इतका तो वाळला होता. तो म्हणाला, "अगं आई, मीच." तर ती त्याच्या कानामागे काही तरी शोधायला लागली. जन्मखूण असावी. सापडली तशी मटकन खाली बसली. मीही रडलो. त्या दिवशी मला वाटलं, आपण चांगलं काम केलं. ते खोटं नव्हतं, खारू. अजूनही वाटत नाही ते खोटं होतं. एकतीस घरांतली माणसं परत आली, हे कुठल्या पारड्यात घालू? आणि ते पारडं कोणाच्या हातात द्यायचं? मंत्र्यांनी सगळं वाचून, सगळं कळून सही केली असती, तर ती त्यांची. तोलायचं काम त्यांचं होतं. त्यांना तोलायला पुरतं दिलं गेलं की नाही, एवढाच समितीचा प्रश्न आहे.

तू येशील तेव्हा बोलू. खिडकीला पडदा लावलाय, हिरवा. आवडला नाही तर बदलू.

दादा

१४ नोव्हेंबर

प्रिय,

हे पत्र तुला एकोणीसपर्यंत मिळेल असं त्या बाईने सांगितलं. म्हणजे तू निघायच्या आधी. म्हणून आज लिहितोय. उद्यावर टाकलं तर गाडी चुकेल आणि मला बरंच वाटेल.

पेन्सिल चाललीच नव्हती.

त्या टिपणीवर साहेबांनी एक टिंबसुद्धा काढलं नाही. मसुदा जसा गेला तसा परत आला. तुझा मजकूर पहिल्या पानावर कधी नव्हताच. मी पहिल्यांदा लिहायला बसलो तेव्हाच तो परिशिष्टात टाकला होता. मला कोणी सांगितलं नाही, कोणी सुचवलं नाही, कोणी डोळे वटारले नाहीत.

इतकी वर्षं साहेबांच्या खुणा बघून माझा हात इतका तयार झालाय, की त्यांना खूण करायला मी जागाच ठेवत नाही. कोणत्या ओळीवर कंस पडेल ते मला आधी कळतं. सगळा कक्ष माझं कौतुक करतो, याचा मसुदा स्वच्छ परत येतो म्हणून. मलाही त्याचा अभिमान होता. आहे, म्हणू का? होता.

आणि पहिल्या पानावर जी ओळ गेली तीही माझीच. "परतणाऱ्यांच्या सुरक्षिततेबाबत माहिती संमिश्र आहे." सहा अहवाल म्हणत होते धोका नाही, एकटं तुझं पत्र म्हणत होतं आहे. म्हणून संमिश्र. ते सहाही अहवाल पलीकडच्या एकाच खात्यातून आले होते, शेवटचा परिच्छेद सहांतही शब्दाला शब्द सारखा होता. ते मला दिसलं होतं. ते वाक्य लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं, आणि मनात म्हटलं, छान बसलं.

मी तुझ्याशी खोटं बोललो, कारण तू गप्प होतीस. दुसरं काही कारण नाही. तू ओ द्यावीस म्हणून एका म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात ते बांधलं. आणि तू खरंच ओ दिलीस, येते म्हणालीस, आणि मी पडदे लावत सुटलो. दोन आठवडे मी सुखात होतो, खारू. इतका सुखात होतो की समितीपुढेही हेच सांगावं असं ठरवूनही टाकलं होतं. पेन्सिलला पुरावा नसतो, होती म्हणायला किंवा नव्हती म्हणायला. मग साहेब येऊन त्या खुर्चीत बसले.

आता तू येऊ नकोस असं मी म्हणत नाही. ये, असं म्हणायची छाती नाही.

दादा

१९ नोव्हेंबर

साक्ष झाली. साधी खोली होती, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. अध्यक्षीणबाई माझ्याहून लहान असाव्यात. सर्दी झाली होती त्यांना, सारख्या नाक पुसत होत्या.

त्यांनी विचारलं, "हा मजकूर परिशिष्टात टाकायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी म्हणालो, "कोणी नाही."

"सचिवांनी पेन्सिलने खूण केली होती का?"

"नाही. त्यांच्याकडे जायच्या आधीच तो तिथे होता."

"मंत्री परिशिष्ट वाचत नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे, बाई."

"मग का टाकलंत?"

मी रात्रंदिवस या प्रश्नाचं उत्तर जुळवलं होतं. राज्याचं हित, एकतीस कुटुंबं, माहितीची खातरजमा, एका पानाची मर्यादा. सगळं पाठ होतं. आणि तोंडातून निघालं, "मंत्र्यांना ते वाचायला आवडलं नसतं."

त्यांनी रुमाल खाली ठेवला. "एवढंच?"

"एवढंच."

लघुलेखकाने वर पाहिलं, आणखी काही येणार आहे का म्हणून. आलं नाही. पेन्सिलसाहेब मागच्या रांगेत होते. बाहेर पडताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मला निलंबित केलं आहे, निकाल लागेपर्यंत. टायपिस्टबाईंनी माझी कपबशी कागदात गुंडाळून दिली.

एकवीसला मी गाडीच्या थांब्यावर येऊन उभा राहीन. तू नसलीस तरी उभं राहायला कोणाची ना नाही.

दादा

३ डिसेंबर

गाडी रिकामीच आली. चालकाने तुझी चिठ्ठी दिली. मी ती खिशात ठेवून घरी आलो आणि तुझ्या खोलीत बसून वाचली.

"मला सांगून काय उपयोग? समितीला सांगून काय उपयोग? शिंप्याच्या बायकोला सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. पुढचे दहा दिवसही नाही सांगितलं. सकाळी जिना उतरायचो, "चौकशी चालू आहे" म्हणायचो आणि जाण्यासारखं ठिकाण नसल्यामुळे चौकापर्यंत जाऊन परत यायचो. तुला वाटेल, एवढं समितीपुढे बोलला, आता याला कसली भीती? ती का वाटत होती, ते आता सांगतो. ते मी समितीला सांगितलं नाही, कारण तिने विचारलं नाही. तुलाही नाही, कारण तुला माहीतच नव्हतं.

तुझं लांब पत्र आलं आणि बस निघाल्या, यांत अकरा दिवस गेले. त्यांतल्या आठव्या दिवशी मी शिंप्याकडे माझा कोट आणायला गेलो होतो. पुलावर कराराचा समारंभ होता, त्यासाठी बाह्या आखूड करायला दिल्या होत्या. मंत्र्यांची सही आदल्याच दिवशी झाली होती. त्याने कोट माझ्या अंगावर चढवला, मागून खांदे नीट केले, आणि हळूच विचारलं, "साहेब, लोक म्हणतात आम्हाला परत पाठवणार. खरं आहे का?"

मी आरशात बघत म्हणालो, "अजून काही ठरलेलं नाही. उगाच घाबरू नका."

नियमाप्रमाणे मला सांगता येत नव्हतं. पण "सांगता येत नाही" एवढं तरी म्हणता आलं असतं. तेवढ्यावर तो समजला असता, तेवढा हुशार होता. मी तेही म्हणालो नाही. कोट छान बसला होता.

काल दुपारी शिंप्याच्या बायकोकडे गेलो. ती एका परकराला नाडी ओवत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तुझं पत्र, गोदाम, दुसरी बस, परिशिष्ट. ते परत येणार नाहीत, असंही सांगितलं. नऊ-दहा महिन्यांत ते वाक्य मी पहिल्यांदा पूर्ण उच्चारलं. तिचे हात थांबले नाहीत. नाडी दुसऱ्या टोकाला निघाली तेव्हा तिने विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"बस निघायच्या अकरा दिवस आधीपासून."

तिने बोटांवर हिशोब केला. माझ्यासमोरच केला, खारू. मग म्हणाली, "म्हणजे कोट न्यायला आलात तेव्हा माहीत होतं."

"हो."

"त्याच संध्याकाळी माझा भाऊ गाडी घेऊन आला होता, आम्हाला दुसऱ्या शहरात न्यायला. सामान बांधून तयार होतं. हे म्हणाले, साहेब स्वतः बोललेत, काही ठरलेलं नाही. आणि भावाला परत पाठवलं."

बावीस वर्षं मी दुसऱ्यांसाठी वाक्यं बनवत आलो, आणि त्या बाईसाठी माझ्याकडे एक नव्हतं. तिने परकराची घडी घातली, बाजूला ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. रागाने पाहिलं असतं तर मी कसाबसा निभावलो असतो.

म्हणाली, "मला इतके दिवस वाटत होतं, तुम्हालाही फसवलं."